शिकाऊ पेन

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. कुणाचं पाकीट मारलेलं असो की कुणाचं पोर हरवलेलं असो, सगळ्या गोंगाटाच्या वर माझा आवाज असायचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि साहेबांनी एक यंत्र आणलं. त्यात कुठल्याशा बाईचा आवाज भरलेला होता. ही बाई प्रत्येक शब्द भाजी निवडल्यासारखा वेगळा काढून ठेवायची. "फलाट. क्रमांक. चार." मला उचललं आणि चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही, आणि ते मला चांगलंच भोवलं.

पुढे त्याच घशात गाठ निघाली. जन्मात कधी विडीला हात लावला नाही, तरी निघाली. डॉक्टर तरुण होता, पण सरळ बोलणारा. स्वरयंत्र अख्खं काढावं लागेल म्हणाला, आणि श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक. मी दोनच प्रश्न विचारले.

"बोलता येईल?"

"नाही. पुढेमागे झडप बसवता येते का बघू. पण त्यावर भरवसा ठेवू नका."

"आणि काढूनही परत आलं तर?"

"घशात आलं तर काहीतरी करता येईल," तो म्हणाला. "फुप्फुसात आलं तर मात्र महिनेच मोजायचे."

शेजारी आमचे हे बसले होते. हे सुतार. सगळा वेळ डॉक्टरच्या कपाटाकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणतात कसे, "त्या दाराची बिजागरी सैल आहे."

"अहो, माझा गळा कापणार आहेत आणि तुम्ही बिजागऱ्या बघताय?" मी तिथेच ओरडले. चार माणसं वळून बघायला लागली. मग माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. बिजागरी दिसेल इतके त्यांचे डोळे कोरडे नव्हते.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. आमच्या घरात माणसं दोन, मूलबाळ नाही. दोघांपैकी बोलायचं खातं माझ्याकडे. हे आधीच अबोल, त्यात दिवसभर करवतीच्या आवाजात उभे. सकाळी चहाबरोबर मी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि यांनी ऐकायचा. लग्नाची पत्रिका आली, नोटीस आली, औषधाची चिठ्ठी आली, की माझ्यासमोर ठेवायची. "वाच गं माइकबाई." असं एकतीस वर्षं चाललेलं. मला वाटायचं, या माणसाला माझा आवाज फार आवडतो. मनातल्या मनात फुलून यायचे मी.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की आवाज गेल्यावर या माणसाशी बोलायचं कसं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी एका संध्याकाळी फोन घेऊन आली. "मावशी, यात तू टाइप करायचं आणि हा मोठ्यानं बोलतो. बघ." तिनं काहीतरी टाइप केलं. फोन म्हणाला, "मला. पाणी. हवं. आहे."

तीच! तीच भवानी! निदान तिची सख्खी बहीण तरी. माझं डोकंच फिरलं. "माझ्या जागेवर तिला बसवलं ते पुरे झालं नाही का? आता माझ्या घरात, माझ्या नवऱ्याशी ती बोलणार?"

हे हळूच म्हणाले, "फोनच घेऊ या की गं. बोलतो तरी."

"तुम्ही गप्प बसा! मी लिहीन. हात आहेत ना मला? शाळेत माझं अक्षर फळ्यावर काढून ठेवायचे. वहीत लिहीन आणि तुम्ही वाचाल."

ते बूट घालून आपल्या सुतारकामाच्या दुकानात निघून गेले.

लिहायचं ठरवलं खरं, पण माझी बोटं संधिवातानं आखडलेली. बॉलपेन दाबलं की अंगठ्याच्या मुळातून कोपरापर्यंत कळ. चार ओळी लिहिल्या की पेन खाली ठेवायची वेळ. धाकटी म्हणाली, "शाईचं पेन घे ताई. त्याला दाबावं लागत नाही." आमच्या दोघांच्या हातात जन्मात शाईचं पेन आलेलं नव्हतं. माझ्या शाळेत बॉलपेनं होती, आणि यांच्या शाळेत काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

पेनांचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार म्हातारा, डोळ्याला घड्याळजीचं भिंग, नाकाच्या शेंड्यावर निळा डाग. मी आत शिरतानाच सांगितलं, "पहिलंच पेन आहे. मोठी रक्कम घालायची नाही. आणि माझा आवाज जाणार आहे तीन आठवड्यांत, तेव्हा ते चाललं पाहिजे."

म्हाताऱ्यानं भिंग काढलं. अरेरे वगैरे काही केलं नाही, त्याबद्दल त्याचे उपकार.

"पहिलं पेन महाग घेऊच नये," तो म्हणाला. "पहिलं पेन पडतंच. सोन्याची निब मागू नका, पोलादी निब चांगली. फार बारीक घ्याल तर कागद खरवडेल आणि तुमचा हात दुखेल. मध्यम घ्या. शाई साधी निळी. चमचम करणारी शाई पोरं मागतात, तिनं जीभ तुंबते."

"कुणाची?"

"पेनाची." त्यानं एक निब उलटी करून दाखवली. तिच्या पोटाशी काळी, बारीक खाचांची पट्टी होती. "हिच्यावरून शाई खाली येते. पंधरा दिवसांनी साध्या पाण्यानं धुवायची. एवढं केलंत तर स्वस्तातलं पेनही वर्षानुवर्षं चालतं."

त्यानं काचेवर सात-आठ पेनं मांडली. एक काळं, साहेबी. ते मला आवडलं, पण धरलं तर बोटांतून निसटायला लागलं. एकाचं टोपण मागे लावलं की पेन मागच्या मागे कलंडत होतं. एकात शाई थेंबाथेंबानं ड्रॉपरनं भरायची होती. माझ्या हातानं ती पेनात कमी आणि पदरावर जास्त गेली असती. मी "फलाट क्रमांक तीन" लिहून बघत होते. सवयीनं तेच सुचत होतं.

"दाबू नका," म्हातारा सारखा सांगत होता. "लिहायचं काम पेनाचं. तुम्ही नुसतं धरा."

आमचे हे इतका वेळ मागे उभे होते. आता पुढे आले आणि एकेक पेन उचलून, डोळे मिटून, बोटावर आडवं तोलायला लागले. टोपणाचे आटे फिरवून बघितले. निब नखावर टेकवून बघितली. रंधा विकत घेतानाही एवढा वेळ लावत नसतील. मग कोपऱ्यातल्या डब्यातून त्यांनी स्वतःच एक पेन काढलं. पिवळंधमक, जाडसर, धरायच्या जागी तीन बाजूंनी दाबलेलं, पोटाला शाई दिसायला खिडकी.

म्हातारा ओशाळला. "ते लहान मुलांचं. शाळेत शाईनं लिहायला शिकवतात ना, त्याचं शिकाऊ पेन. बोटं कुठं ठेवायची ते कळावं म्हणून तसा आकार."

"हे धर," हे मला म्हणाले.

मी धरलं. तिन्ही बोटं आपोआप जागेवर बसली. कळ आली नाही. मी ओळभर लिहिलं, दुसरी लिहिली, पानभर लिहिलं. निब कागदावरून नुसती सरकत होती. मला रडूच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की नाही, माझं सगळंच काही जात नाहीये.

"पिवळं?" मी डोळे पुसत म्हटलं. "पन्नाशी उलटलेल्या बाईला पिवळं पेन?"

"हरवणार नाही," हे म्हणाले.

दुकानदारानं यांच्यापुढेही कागद सरकवला. "तुम्हीही लिहून बघा, साहेब." यांनी पेन घेतलं आणि तीन रेघा ओढल्या, उभ्या, पट्टी लावल्यासारख्या सरळ. मग माझं पानभर लिहिलेलं उचललं, लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "छान आलंय अक्षर."

पेन हे सगळ्यात स्वस्तातलं होतं. मोठं महाग पेन ह्यांनी मागितलं असतं तरी मी दिलं नसतं घेऊ, पण त्यांनी जे निवडलं ते माझ्या हातासाठी निवडलं होतं. हे मी अजूनही नाकारत नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला एक उतरती फळी करून दिली, पलंगावर मांडीवर घ्यायला. पेन गडगडू नये म्हणून तिला खोबणी. दौत कलंडू नये म्हणून गोल खळगा, दौत आत बसली की हलायची नाही. कडा पॉलिश करून इतक्या गुळगुळीत केल्या, की मनगट दिवसभर टेकलं तरी लागू नये. ऑपरेशनपर्यंत मी सराव केला. वहीची पहिली पानं आधीच तयार करून ठेवली. एका पानावर पाणी, एकावर दुखतंय, एकावर उशी, एकावर डॉक्टर, प्रत्येक शब्द पानभर मोठा. त्यांना दाखवली.

"चष्म्याशिवाय दिसतंय ना?"

"दिसतंय की," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत. दिसत होतंच.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेताना मी यांच्यासाठी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं. शेवटचं म्हणून. चांगलं होतं. पण ढकलगाडीचं चाक उंबऱ्यावर अडखळलं, मी दचकले आणि तोंडातून गेलं, "गॅस बंद केलात का?" माझ्या आवाजातलं शेवटचं वाक्य ते. दार लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक, त्यात नळी, नाकात दुसरी नळी. पहिले दोन दिवस धाकटी उशाशी होती. मी पिवळ्या पेनानं लिहायचे. धाकटीला सवय अशी, की लिहिलेलं दिसलं की मोठ्यानं वाचायचं. "ताई म्हणतेय, उशी वर करा." हे लगेच उठून उशी वर करायचे. "ताई म्हणतेय, तुम्ही जेवलात का?" "जेवलो, जेवलो." मला वाटलं, जमलं! आमचं बोलणं सुरू झालं. माझ्या जिवात जीव आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी अंघोळ करून येते म्हणून घरी गेली. हे स्टुलावर बसले होते. एकाएकी माझ्या गळ्यात काहीतरी सरकलं आणि घट्ट बसलं. कफाची गुठळी. श्वास आत जाईना. घंटीचं बटण पलंगामागे लोंबकळत होतं, माझा हात पोचेना. पण मी घाबरले नाही, खरंच सांगते. पेन हातात होतं. वही मांडीवर होती. मी लिहिलं, ‘नर्सला बोलवा. श्वास कोंडला.’ आणि वही यांच्यापुढे धरली.

यांनी वही घेतली. लांब धरली. नीट बघितली. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान आलंय गं अक्षर. आता दमू नकोस, पड जरा."

मी वहीवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. ते पुन्हा वहीकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. डोळे ओळीवरून इकडून तिकडे जात होते, पण कुठे थांबत नव्हते. मला अंधारी यायला लागली होती, तरी ते डोळे मला दिसले. दिसले आणि कळलं. मरताना माणसाला काय काय कळतं म्हणतात. मला हे कळलं, की माझ्या नवऱ्याला वाचता येत नाही.

मी स्टीलचं भांडं जमिनीवर लोटलं. शेजारच्या पलंगावरच्या आजींची सून धावली, तिनं वहीवर नजर टाकली आणि "अहो, काय बघत बसलाय!" असं किंचाळत बाहेर पळाली. नर्स आली, नळी घातली, गुठळी ओढून काढली. मी वाचले.

श्वास लागायला लागल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर ते पेन यांच्या अंगावर फेकलं. त्यांच्या छातीला लागलं आणि निबेवर खाली पडलं. मला ओरडायचं होतं. एकतीस वर्षांत कधी ओरडले नसेन एवढं. तोंड उघडलं, गळ्याची नळी नुसती शिट्टीसारखी वाजली.

ते खाली वाकले, पेन उचललं, वाकडी झालेली निब बघत उभे राहिले. मग स्टुलावर बसून, मान खाली घालून बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"सातव्या वर्षी काकांनी कामाला घातलं. आकडे शिकलो, फुटपट्टी येते. सही येते, ती नक्षीसारखी पाठ केली. लग्न ठरवताना काकांनीच तुझ्या वडलांना सांगितलं, मुलगा सातवी पास. मग पुढं सांगायचं राहूनच गेलं. तू सगळं वाचून दाखवायचीस. कधी गरजच पडली नाही गं."



"फोनच घेऊ या म्हणालो होतो की," ते म्हणाले. रागानं नाही, दोष द्यायला नाही. नुसतं म्हणाले. आणि ते माझ्या काळजात जे रुतलं, ते अजून निघालेलं नाही.

मी कानाला हात लावला, तोंडाला लावला आणि भुवया वर केल्या. आवाज आवडायचा, की नुसतं वाचून घ्यायचात? एवढं मात्र त्यांना बरोबर कळलं.

"दोन्ही," ते म्हणाले. "अगं, दोन्ही होतं."

घरी आल्यावर फोन घेतला. ती भवानी आमच्या घरात राहायला आली. "दूध. संपलं. आहे." "गोळी. द्या." माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ती माझ्या नवऱ्याशी बोलायची आणि मी कोपऱ्यात. दिवसातून वीसदा मला तो फोन मोरीत टाकावासा वाटायचा.

पेन त्यांनी त्या जिन्याखालच्या म्हाताऱ्याकडून सरळ करून आणलं होतं. म्हातारा म्हणाला म्हणे, "सांगितलं होतं, पहिलं पेन पडतंच." आता जरा खरखरतं. एका रविवारी त्यांनी ते पाण्यानं धुतलं, शाई भरली, उतरती फळी आणून माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः पलीकडे मांडी घालून बसले. "शिकव," म्हणाले.

मला अजून राग होता. म्हटलं, बघू या. पण आवाज नसलेल्या बाईनं अक्षर शिकवायचं कसं? क म्हणजे काय हे सांगणार कोण? ती फोनवाली? मुळीच नाही. मी त्यांच्या पेटीतली करवत काढली, समोर ठेवली आणि वहीत ‘क’ काढला. त्यांनी करवतीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "करवत… क?" मग पटाशीचा प. रंध्याचा र. हातोड्याचा ह. तुळईचं चित्र काढून त. लाकडाचा ल. आख्खी पेटी संपवली आम्ही.

पेन त्यांनी सुताराच्या पेन्सिलीसारखं दाबून धरलं. दाबू नका, हे सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता, म्हणून मनगटावर चमचा मारायचे. "अगं, लागतं!" मग बोटं हळूहळू त्या तीन बाजूंवर सैल बसली. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात पिवळं पेन, जीभ बाहेर काढून ‘ह’ गिरवतोय. राग कधी गेला ते मला कळलंच नाही. चार महिन्यांत सगळी अक्षरं आली, काना, मात्रा, वेलांटी आली. जोडाक्षरांपाशी गाडी अडली होती. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांपाशी थांबून राहायचे. मागची माणसं धडकायची. मी दंड धरून उभी असायचे.

आणि मग खोकला सुरू झाला. डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला सांगितला. भेट गुरुवारची दिली होती. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला हे तपासणी केंद्रातून पाकीट घेऊन आले. चहाचे कप तसेच होते. पाकीट माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "काय म्हणतायत?"

एकतीस वर्षं असंच पाकीट पुढं यायचं. वाच गं माइकबाई.

मी कागद काढला. वर सगळं नेहमीचं. खाली दोन ओळी. दोन्ही फुप्फुसांत, एकाहून जास्त ठिकाणी. पहिल्या रिपोर्टातले शब्द मला तोंडपाठ होते, तेच पुन्हा होते. महिनेच मोजायचे, हे डॉक्टरनं माझ्या तोंडावर सांगितलेलं होतं.

टेबलावर फोन होता. टाइप केलं असतं तर तिनं सांगून टाकलं असतं, दूध संपल्याचं सांगते त्याच सुरात. नाही. हे तिला सांगू द्यायचं नव्हतं. काय वाटेल ते झालं तरी हे तिच्या तोंडून यांच्या कानावर जायचं नाही.

दुसरी वाट सोपी होती. अंगठा वर करायचा. यांनी विश्वास ठेवला असता, बूट घालून कामाला गेले असते, गुरुवारपर्यंत सुखात राहिले असते. आणि माझा तो हक्कच होता, नाही का? त्यांनी माझ्यापासून एकतीस वर्षं लपवलं, मी दोन दिवस लपवलं तर काय बिघडलं? अंगठा अर्धा वर आलाही होता. पण मला दवाखान्यातली ती दुपार आठवली. न सांगितलेल्या गोष्टीनं माझा श्वास कोंडला होता. पुन्हा तसं या घरात व्हायला नको होतं.

मी पेन उघडलं आणि माझ्या नेहमीच्या भरभर अक्षरात लिहिलं, सगळं, डॉक्टर काय म्हणाला होता तेही. लिहिता लिहिता निब खरखरत होती. वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी पान लांब धरलं, ओठ हलवले, मग मान हलवली.

"हे जड आहे गं. जोडाक्षरं किती आहेत. सोपं लिही ना."

मी पान उलटलं. मोठं, सुटं, सोपं लिहिलं. दाबावं लागत नाही त्या पेनाला. पाच शब्द लिहिले आणि वही पुन्हा त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी बोट ठेवलं. "अ… हो." थांबले आणि वर बघितलं. "अहो! मला हाक मारलीस!"

केवढे हसले! महिनोन्महिने त्यांना कुणी अहो म्हणालं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

"ते," बोट सरकलं. "प… र… त. परत. आ… लं. आलं. आ… हे." मग खुर्चीत ताठ बसून, मी फलाटावरून पुकारायचे तशा आवाजात, एका दमात, "अहो, ते परत आलं आहे!"

घरात किती दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं वाचलं होतं.

"वाचलं! अगं, अख्खं वाक्य वाचलं मी! एकही चुकलं नाही!" त्यांनी माझा हात धरून हलवला. मी मान डोलावली. खरंच चुकलं नव्हतं.

"कोण परत आलं?" त्यांनी हसत हसतच विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं आणि खोबणीत ठेवून दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या उघड्या पाकिटाकडे, मग पुन्हा वहीकडे. बोट दुसऱ्या शब्दावर, ‘ते’वर, नेऊन ठेवलं आणि तो पुन्हा वाचला, या वेळी अगदी हळू. मग ते बोट तिथून हलेना.